कोंबडी आरवायला लागली? सुरी काढायच्या आधी हे बघा

गेल्या नऊ वर्षांत आमच्या परड्यात तीन कोंबड्या आरवल्या. पहिलीला आम्ही त्याच संध्याकाळी कापलं, आणि ती चूक होती.

आम्ही करवीर तालुक्यात राहतो, भोगावतीच्या काठाला. गावठी आणि कावेरी जातीची मिळून तीस-चाळीस पाखरं कायम असतात, अंडी कोल्हापुरात ठरलेल्या घरी जातात. पहिली कोंबडी आरवली तेव्हा सासूबाई होत्या. पहाटे अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आरवल्याली कोंबडी घरात ठेवू नगंस. दिवस मावळायच्या आत काय ते करून टाक." करून टाकलं. पोट फाडल्यावर डाव्या अंगाला, पाठीच्या कण्याखाली, पिवळ्याधमक बलकांचा घड निघाला. एक सुपारीपेक्षा मोठा, त्याखालोखाल बोराएवढा, मग वाटाण्याएवढा, मग मोहरीएवढे कितीतरी. खालच्या नळीत कवच धरलेलं एक अख्खं अंडं होतं. दुसऱ्या दिवशी ते टोपलीत पडलं असतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी ते कोमट अंडं हातात धरून बराच वेळ चुलीपाशी बसले.

त्या कोंबडीत काहीही बिघडलेलं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी जत्रेला आमचा एकुलता कोंबडा कापला होता, एवढंच घडलं होतं.

अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो, कधी कागलहून, कधी भुदरगडातून, कधी माहेरच्या बाजूनं गडहिंग्लजहून. "ताई, कोंबडी आरवली. घरातली म्हणतात अपशकुन. काय करू?" प्रत्येकीला तेच परत सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे.

ती कधी अंडं घालत होती का?

पहिला प्रश्न हाच. हे पाखरू अंडं घालताना तुम्ही स्वतः पाहिलं आहे का? "घालत असेल" असं नको. वीस कोंबड्यांत नेमकं कोण घालतंय हे आपण बहुतेक वेळा धरून चाललेलो असतो.

आमची दुसरी आरवणारी "कोंबडी" अशीच निघाली. टेंपोतून फिरणाऱ्या एकाकडून दहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, म्हणून घेतल्या होत्या. पाच महिने झाले, एकीचा तुरा वाढला, शेपटीत वाकडी लांब पिसं आली आणि ती आरवली. शेजारीण म्हणाली, कोंबडीचा कोंबडा झाला. झाला नव्हता, पहिल्यापासून कोंबडाच होता. एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी ओळखणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे, आणि त्यातही चुका होतात. विकणाऱ्यानं सांगितलं म्हणून ती तलंग होत नाही. पाखरू सहा-सात महिन्यांच्या आतलं असेल आणि त्याचं एकही अंडं कुणी पाहिलं नसेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. तुमच्याकडे बहुधा कोंबडाच आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक तलंगेच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घालते. अंडं घालताना दिसली की कॅलेंडरवर त्या रंगाची खूण. काम दोन मिनिटांचं आहे, पण पुढं दोन वर्षांनी शंका आली तर याच खुणांवर सगळा निकाल लागतो.

कळपात कोंबडा आहे का?

नसेल, किंवा नुकताच गेला असेल, तर कळपातली सगळ्यांत वरचढ कोंबडी आरवू शकते. आवाज कोंबड्यासारखा खणखणीत नसतो, तुटका आणि घोगरा असतो, मध्येच विरतो. ती दुसऱ्या कोंबड्यांच्या पाठीवर चढायलाही बघते. आणि तरीही रोज किंवा एक दिवसाआड अंडं देत राहते.

लोकांना हे पटत नाही, कारण नराचं संप्रेरक (हार्मोन) कोंबडीत कुठून येणार? तर ते तिच्यात असतंच. तिचं अंडाशयच ते तयार करतं. वाढत्या बलकांभोवतीच्या पेशी आधी नराचं संप्रेरक बनवतात, टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं. मग अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यातल्या बऱ्याच भागाचं इस्ट्रोजेन करतं, म्हणजे मादीचं संप्रेरक. तलंग पहिलं अंडं घालायच्या आधी तिचा तुरा लालबुंद होतो तो या नर संप्रेरकामुळेच. त्यामुळे नुसता तुरा मोठा आणि लाल झाला म्हणून घाबरू नका. ती बहुतेक वेळा अंड्यावर आल्याची खूण असते. (कडकनाथ पाळणाऱ्यांनी तुऱ्याच्या लालीवर जाऊच नये, त्याचा तुरा मुळात काळसर जांभळा.)

यावर उपाय साधा आहे. दुसरा कोंबडा आणून सोडा. बहुतेक वेळा काही दिवसांत आवाज बंद होतो. कोंबडा ठेवायचा नसेल तर आरवू द्या. तिचं काही बिघडत नाही, आणि तुमचंही नाही.

खरोखर बदलते तेव्हा आत काय होतं

हे क्वचित होतं, पण होतं. आणि ते कळलं की भीती जाते आणि पुढं काय करायचं तेही कळतं, म्हणून इथं जरा थांबून सांगते.

कोंबडीला चालू अंडाशय एकच असतं, डावं. कधी घरी कोंबडी साफ कराल तेव्हा बघा, घड डाव्याच अंगाला दिसेल. उजव्या बाजूला शोधूनही काही हाती लागत नाही. अंड्यात पिल्लू घडत असताना सुरुवात दोन्ही बाजूंनी होते. एकवीस दिवसांतल्या सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास नर-मादीची वाट वेगळी होते. मादी पिल्लात इस्ट्रोजेन तयार होऊ लागतं, डावा अवयव त्याला प्रतिसाद देऊन अंडाशय बनतो आणि उजवा खुरटलेला राहतो. १९९२ साली संशोधकांनी अंड्यातल्या मादी पिल्लांमध्ये अ‍ॅरोमाटेज बंद पाडणारं औषध वापरून पाहिलं, तर त्या मादी पिल्लांत वृषणं तयार झाली.

तो खुरटलेला उजवा अवयव मेलेला नसतो, दबलेला असतो. आजारानं, गाठीनं किंवा म्हातारपणानं डावं अंडाशय कामातून गेलं की इस्ट्रोजेन आटतं, आणि काही कोंबड्यांत उजवा अवयव वाढायला लागतो. तो पूर्ण वृषण बनतोच असं नाही. बऱ्याचदा अर्धं वृषण, अर्धं अंडाशय असा मिश्र गोळा होतो. पण नराचं संप्रेरक तो सोडतो. १९२० च्या दशकात कोंबड्यांचं डावं अंडाशय शस्त्रक्रियेनं काढून हे पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं आहे.

आता पिसांचं. आपल्याला वाटतं कोंबड्याचं झगमगीत पीस नराच्या संप्रेरकामुळे येतं. तसं नाही. ते पीस म्हणजे या पक्ष्याचं मूळ पीस, काहीच सांगितलं नाही तर कातडी तेच पीस काढते. मादीचं साधं, गोल पीस इस्ट्रोजेन घडवून घेतं. म्हणून खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसतो, आवाज जातो, पण पिसं नराचीच राहतात. १८४९ साली जर्मनीत गोटिंगेनच्या बर्थोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण परत बसवून दाखवलं. तुरा वाढला, आवाजही आला. संप्रेरकांच्या अभ्यासाची सुरुवात तिथून मोजतात, म्हणजे हे सगळं शास्त्रच कोंबड्याच्या आरवण्यापासून निघालं आहे. पायाच्या मागचा काटाही पिसासारखाच. मादीत इस्ट्रोजेन त्याला दाबून ठेवतं, ते आटलं की काटा वाढायला लागतो.

म्हणून तुरा एक गोष्ट सांगतो आणि पीस दुसरी. तुरा मोठा पण नवी पिसं मादीची, तर अंडाशय चालू आहे, कोंबडी ठीक. पिसं नराची आली पण तुरा फिका आणि बारका, तर अंडाशय बंद पडलं आहे पण उजवा अवयव जागा झालेला नाही. पिसं नराची, तुराही भरदार, काटा वाढतोय आणि अंडी महिनोन्महिने बंद, तर तुमची कोंबडी खरोखर त्या वाटेला लागली आहे. नुसत्या आरवण्यावरून यातलं काहीच ठरत नाही.

आणि एवढं होऊनही ती मूळची मादीच असते. पक्ष्यांत मादीची गुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू, नराची दोन्ही झेड. ती शेवटपर्यंत झेड-डब्ल्यूच राहते. २०१० साली एडिंबरोच्या रोझलिन संस्थेतल्या संशोधकांनी अर्ध्या अंगानं नर आणि अर्ध्या अंगानं मादी असलेल्या कोंबड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच रक्तातली संप्रेरकं दोन्ही अंगांना मिळत असूनही दोन बाजू वेगळ्या राहिल्या होत्या, कारण पक्ष्याच्या पेशीपेशीला आपण नर की मादी हे ठाऊक असतं.

"मग ती बाप होऊ शकते का?" हे हमखास विचारलं जातं. १९२३ साली एडिंबरोमध्येच क्र्यू नावाच्या संशोधकांनी बफ ऑर्पिंग्टन जातीच्या अशा एका कोंबडीची नोंद केली. तिनं आधी अंडी घातली होती, नंतर आजारानं अंडाशय गेलं, आणि ती दोन पिल्लांची बाप झाली. पण अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी. वीर्य बाहेर नेणारी वाट तिच्या शरीरात नीट तयार झालेली नसते. तुमच्या कळपातल्या अंड्यांना ती फळवेल अशी आशाही धरू नका आणि भीतीही.

हातानं काय तपासायचं

रात्री कोंबड्या बसल्यावर बॅटरी घेऊन जा, पाखरू शांत असतं. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतात. अंडी चालू असलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसतात, बंद असलेलीत जेमतेम एक. अंड्यावरच्या कोंबडीचं द्वार रुंद आणि ओलसर, बंद असलेलीचं आवळलेलं आणि कोरडं. पाय मूळचे पिवळे असतील तर तेही बघा. अंडी चालू असताना पायांचा पिवळा रंग उतरतो आणि बंद झाल्यावर परत चढतो.

मग पोटावर तळहात ठेवा. मऊ असेल तर बरं. टणक गाठ लागली, किंवा पाण्याची पिशवी भरल्यासारखं डुचमळलं, किंवा कोंबडी छाती वर काढून ताठ उभी फेंगडी चालत असेल, तर थांबू नका, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

हे सगळं करूनही शंका राहिली तर पिसाची चाचणी. माझा सगळ्यांत जास्त विश्वास हिच्यावर आहे. एकदा वाढून पूर्ण झालेलं पीस मेलेलं असतं, संप्रेरक कितीही बदललं तरी ते बदलत नाही. म्हणून अंडाशय बंद पडून महिने झाले तरी पीसगळ होईपर्यंत कोंबडी कोंबडीसारखीच दिसते, आणि नंतर "एका थंडीत कोंबडा झाली" असं वाटतं. पीसगळीची वाट बघायची नसेल तर पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडची तीन-चार पिसं एकेक करून, वाढीच्या दिशेनं, झटक्यात उपटा. देठात रक्त असलेलं कोवळं पीस घेऊ नका. उपटलेली पिसं तारीख लिहून काड्यापेटीत ठेवा आणि पाखराच्या पायात दोरा बांधा. दोन-तीन आठवड्यांत त्याच जागी नवी पिसं डोकावतात. पुरती उलगडली की काड्यापेटीतल्या पिसाशेजारी धरा. मादीचं पीस टोकाला गोल असतं आणि कडेपर्यंत घट्ट विणलेलं. नराचं पीस भाल्यासारखं निमुळतं, चकचकीत, आणि त्याच्या कडा विणलेल्या नसतात, रेशमाचे धागे सुटावेत तशा मोकळ्या असतात. एकदा दोन्ही शेजारी पाहिली की परत कुणाला विचारावं लागत नाही.

आमच्या तिसऱ्या कोंबडीची अशी चाचणी केली. तांबूस कावेरी, चार वर्षांची, हिरव्या कड्याची. कॅलेंडरवर तिच्या खुणा सात महिन्यांपासून बंद होत्या आणि मला ते लक्षातच आलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात नवं पीस टोकदार आलं. बोटानं कड चाळवली तर धागे सुटे झाले. घरात मोठा कोंबडा असूनही ती आरवत होती, आणि तो तिच्यावर रोज धावून जात होता.

खरी निघाली तर

तिला आम्ही वेगळ्या खुराड्यात ठेवलं. अंडाशय परत चालू करणारं औषध नाही. कुणीतरी बायकांच्या संप्रेरकाच्या गोळ्या दाण्यात घालायला सांगितलं होतं. कृपा करून हे करू नका. मूळचा आजार त्यानं जात नाही, आणि औषधाचा अंश मांसात राहून तो आपल्याच ताटात येतो. सूज किंवा बारीकसा संसर्ग असेल आणि अंडाशय आपणहून सावरलं, तर पुढच्या पीसगळीत मादीची पिसं परत येऊ शकतात. पण गाठ असेल तर नाही.

आमचीला गाठच होती. वर्षभरानं ती गेली तेव्हा मी तशीच पिशवीत घालून दवाखान्यात नेली आणि डॉक्टरसाहेबांना उघडून दाखवायची विनंती केली. जिथं पहिल्या कोंबडीत पिवळा घड होता, तिथं हिच्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी करडी-पांढरी टणक गाठ होती. आणि उजवीकडं, जिथं काहीच नसायला हवं, तिथं पावट्याच्या दाण्याएवढा पांढुरका गोळा. डॉक्टर म्हणाले, हाच आरवत होता.

म्हाताऱ्या कोंबडीत अशा गाठी नवलाच्या नाहीत. अंडाशयाचा कर्करोग कोंबडीला आपोआप होतो, इतका की माणसाच्या त्या आजाराच्या अभ्यासासाठी संशोधक कोंबड्या वापरतात. म्हणून तीन-चार वर्षांची एखादी कोंबडी बदलली तर तो वयाचा भाग समजा आणि बाकीच्या कळपाची काळजी करू नका.

पण एका कळपात पाठोपाठ दोन-तीन, आणि त्याही वर्षाच्या आतबाहेरच्या, अंडी बंद होऊन अशा दिसायला लागल्या, तर तो वयाचा भाग नाही. मारेक किंवा ल्यूकोसिस या विषाणूंच्या आजारांत अंडाशयावर गाठी येतात, बरोबर यकृत सुजतं, पाखरं वाळतात, मारेकमध्ये एखादं पाखरू एक पाय पुढे, एक मागे टाकून बसतं. साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गातही अंडाशय सडतं. अशा वेळी मेलेलं पाखरू लगेच तपासायला न्या, उशीर झाला तर आतलं काही वाचता येत नाही. ल्यूकोसिस अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून त्या कळपाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका आणि दुसऱ्याला उबवायला देऊ नका. त्याच्यावर लस नाही. मारेकची लस आहे, पण ती पिल्लाच्या पहिल्याच दिवशी द्यायची असते, त्यामुळे पिल्लं घेताना विचारून घ्या. मारेकचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि खुराड्यातल्या धुळीत कित्येक महिने तग धरतो. जुनं तूस आणि भुसा काढून जाळा, मगच नवी पिल्लं आणा.

अशा पाखराच्या मांसाबद्दल माझं मत ठाम आहे. आत गाठ, पांढरे ठिपके पडलेलं सुजलेलं यकृत किंवा पोटात पाणी दिसलं तर रस्सा करायचा नाही. खोल खड्डा, वर चुना, आणि कुत्री उकरणार नाहीत इतका दगड-मातीचा भर.

दाण्याला उगाच दोष देऊ नका, हेही सांगायला हवं. "विकतच्या खाद्यात संप्रेरकं असतात, म्हणून कोंबड्या बदलतात" असं बाजारात सर्रास ऐकू येतं. बुरशी आलेल्या मक्यात झिअरालेनोन नावाचं विष तयार होऊ शकतं, पण ते वागतं इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे उलट्या दिशेनं. सोयाबीनच्या पेंडीतही जे थोडं असतं ते इस्ट्रोजेनच्याच जातीचं. त्यानं कोंबडीचा कोंबडा होत नाही. बुरशीचा मका घालू नये तो अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या दुसऱ्या विषासाठी, त्यानं यकृत खलास होतं.

राहिला अपशकुन. ही भीती आपल्याकडचीच नाही. १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात एका कोंबड्यानं अंडं घातलं म्हणून त्याच्यावर खटला भरला आणि अंड्यासकट त्याला जाळलं. बहुधा तीही आमच्या हिरव्या कड्यासारखीच एखादी आजारी कोंबडी असावी.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजहून भाचीचा फोन आला. तिची काळी गावठी कोंबडी आरवत होती, आणि सासरे सुरीला धार लावून बसले होते. तिला म्हटलं, मामंजींना सांग, पाच आठवडे थांबा, आणि आज रात्री चार पिसं उपट. परवा तिनं काड्यापेटीतलं जुनं पीस आणि नवं पीस तळहातावर शेजारी ठेवून फोटो पाठवला. दोन्हींची टोकं गोल आहेत. आता ते कोंबडा शोधताहेत.